आपाच्या गाडीतली पिवळी नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, संघटनेत नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही — म्हणूनच बहुतेक तुमच्यासमोर हात चालतो आहे. चालतो आहे म्हणजे तरी काय, सकाळपासून दोनदा कागद चुरगळून फेकला. पत्रक लिहायला बसले की माझं असं होत नाही.

मी पत्रकं लिहिते. तेच माझं काम, आणि ते मला चांगलं येतं — उगाच नम्रता कशाला दाखवू? अंगणवाडीचा खाऊ कोणी पळवला, रस्त्याची गिट्टी कोणी खाल्ली, मला फक्त माहिती द्या. संध्याकाळपर्यंत गुलाबी कागदावर छापून चौकात वाटलेलं असेल. वाक्यं लहान. पहिल्या ओळीत अन्याय, दुसऱ्या ओळीत गुन्हेगार, आणि शेवटी ‘जाब विचारा’. वाचणाऱ्याच्या पोटात आग पडली पाहिजे, नाहीतर तो कागद शेंगदाणे बांधायला जातो.

आमच्या धंद्यात — धंदाच म्हणते, राग येऊ द्या — एक युक्ती असते. नाव छापायचं नाही. नाव छापलं की वकिलाची नोटीस येते. नाव न छापता असं लिहायचं की गावातल्या शेंबड्या पोरालाही कळावं, बोट कोणाकडे आहे. ‘बसस्टँडसमोरचे पांढऱ्या कपड्यांतले एक गुत्तेदार.’ झालं! त्या गुत्तेदाराची मला आजही दया येत नाही. पण एका पत्रकात मी एकच शब्द असा घातला, की तो आठवला की जेवताना घास तोंडात फिरतो. त्या शब्दाकडे येते. आधी गाडीचं सांगावं लागेल. कंटाळू नका. गाडीशिवाय हे कळणार नाही.

आमची मागणी साधी होती. मूर्तिजापूरच्या आसपासच्या खेड्यांतून शाळेच्या वेळेवर एसटी द्या. बस नाही म्हणून पोरी सातवीनंतर घरी बसत होत्या, आणि ज्या जात होत्या त्या खाजगी व्हॅनमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून. आम्ही अमरावती-अकोल्याकडची गावं पिंजून काढत होतो. संघटनेची एक जुनी पेट्रोल व्हॅन होती, तिच्या टपावर भोंगा, आणि ती चालवायचे मी. पेट्रोल वर्गणीतलं. वर्गणीचं पेट्रोल कधी टाकी भरून मिळत नाही, हे तुम्ही चळवळीत असाल तर तुम्हाला सांगायला नको. या गावात थोडं, त्या गावात थोडं. काटा कायम तळाला टेकलेला.

आणि तिथेच ती व्हॅन मार खायची. तिचा पेट्रोल पुढे ढकलणारा विजेचा पंप टाकीच्या आत असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला. बुडालेला असतो म्हणून थंड राहतो. टाकी रोज तळाशी ठेवली की तो उघडा पडतो, तापत राहतो, आणि एक दिवस जळतो. जळला की पूर्ण टाकी खाली उतरवायची, तेव्हा कुठे त्याला हात लागतो. आमचा एकदा जळला, नवा टाकला, तोही जळला. दुसऱ्यांदा जळला तेव्हा आम्ही मोर्शीच्या पुढे होतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, आणि तासाभरात पुढच्या गावी सभा.

मोर्शीहून एक मेकॅनिक मोटारसायकलवर आला. गाडीखाली डोकावला आणि सरळ म्हणाला, “आत बसवला तं अजून जळीन. बाहेरच काढू त्याले.” मग त्याने ते करून दाखवलं. टाकीतला मेलेला पंप तसाच राहू दिला, टाकीबाहेर येणारी नळी तेवढी सोडवून घेतली, आणि नवा, बाहेर बसणारा पंप गाडीखाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, कसला. टाकीच्या तळापेक्षा खाली कसला, कारण हे पंप ढकलतात जोरात, पण वर ओढायला कच्चे. त्याच्या आधी गाळणी. वायर थेट चावीवर. मी शेजारी उकिडवी बसून सगळं पाहून घेतलं. मला अशा गोष्टी लगेच समजतात. तोच तर घोळ आहे.

पंपापासून इंजिनापर्यंतची नळी तेवढी त्याच्याकडे नव्हती. तिथे दाब असतो, साधी नळी फुटते. शेजारच्या बागवाल्या काकांनी झाडाखालून फवारणीची पिवळी नळी ओढून आणली. मजबूत, जाड, संत्र्याच्या झाडावर औषध मारायची. मेकॅनिकने ती कापून लावली आणि हात पुसत म्हणाला, “प्रेशर झेलते हे. पण पेट्रोलची नाही, ताई. अकोल्याले गेल्या गेल्या बदलून घेजा. गेल्या गेल्या.”

गाडी सुरू झाली. सभा झाली. उरलेली नळी काकांनी प्रेमाने सीटखाली टाकून दिली होती.

अकोल्याला आम्ही त्यानंतर कितीदा गेलो! बदलली का? नाही. चालत होती ना. संत्र्याचा तो सगळा बहार संपला, गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. मी मनात त्या मेकॅनिकला हसले — घाबरट आहे झालं. सरकारी अधिकाऱ्यांनी सांगितलेलं आम्ही मानत नाही, तर मोर्शीच्या मेकॅनिकचं का मानावं? असा एक माज असतो आमच्यात. तो मी अंगावर दागिन्यासारखा घालून फिरत होते.

आता सलमाआपा.

सलमाआपा मूर्तिजापुरात शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायची. या कामात गावातली एकटी बाई. नवऱ्याची नजर गेली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, गाडी विकून टाक. हिने विकली नाही, स्वतः शिकली. आणि मग मलाही शिकवली. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या गंजलेल्या रुळांच्या बाजूला, जिथे आता नुसतं गवत आणि बकऱ्या आहेत, तिथे मी तिच्या गाडीचा क्लच शिकले. माझ्या हातून गाडी बंद पडली की ती ओरडायची नाही. खिडकीबाहेर बघत बसायची, मला माझा गिअर सापडेपर्यंत. म्हणून ती संत होती असं समजू नका. पोरं कोंबायची ती कायद्यापेक्षा जास्तच. ट्रॅफिक हवालदाराशी रोज भांडण. सुपारी अखंड. आणि तोंड! मी चौकात पत्रकं वाटत उभी दिसले की लांबूनच ओरडायची, “काहून वं पत्रकवाली, आज कोनाचा मुर्दा उचलला?” लोक हसायचे. मीही हसायचे. तिच्यासमोर मला कधी मोठं होता आलं नाही.

हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि थांबले. मोठं व्हायचं होतं का मला तिच्यासमोर? होतं.

संधी आली. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर आपाच्या गाडीचा पंप जळला. कारण तेच — रोजच्या कमाईतून रोजचं पेट्रोल, टाकी कायम तळाला. टाकी उतरवून नवा बसवायचा तर गाडी गॅरेजला अडकणार, आणि गाडी अडकली की पोरं दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये बसणार आणि तिथेच राहणार. ती चिडून बोनेटवर हात आपटत होती. मी म्हणाले, “आपा, मी करून देते. पंप बाहेरच काढू.” तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तू? तुले तं पंक्चर टायर ओळखू येत नाही.”

पण मी करून दिलं. पंप अमरावतीहून आणला. त्याच रुळांच्या बाजूला, गवतावर पोतं टाकून मी गाडीखाली शिरले. आपा वरून पाने-पक्कड देत होती. चासीला पंप कसला, टाकीपेक्षा खाली. गाळणी लावली. वायर चावीवर. सगळं मोर्शीत पाहिलं तसं, एकही चूक न करता. आणि मग माझ्या सीटखालची उरलेली पिवळी नळी कापली.

आपाने खाली वाकून पाहिलं. “ही तं फवारणीची दिसते. चालते काय वं?”

मी म्हणाले, “माझ्या गाडीत सगळा सीझन चालली, आपा.”

खरं होतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. पत्रकवाल्या माणसाला खोटं बोलावं लागतच नाही — कुठे थांबायचं ते कळलं की पुरतं. ‘अकोल्याले गेल्या गेल्या बदलून घेजा’ एवढं वाक्य मी जिभेवर आलेलं परत गिळलं. का? कारण ते सांगितलं असतं तर माझं काम अर्धवट ठरलं असतं. तात्पुरतं ठरलं असतं. आणि मला तर त्या दिवशी तिने कपाळावरून हात ओवाळून बोटं मोडलेली हवी होती. तिने मोडली. म्हणाली, “वा गं माय. माही शागीर्द माही उस्ताद झाली.”

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एक सल्ला चुकला. माणसाकडून होतं. थांबा जरा.

उन्हाळ्यात अमरावतीला मोर्चा होता, त्याआधी मी आमची व्हॅन अकोल्यात एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने गाडीखालून पिवळ्या नळीला हात लावला आणि सहज वाकवली. नळी कट्टकन मोडली. तुराटी मोडावी तशी. त्याने ते दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. माझ्या आठवणीत ती नळी लवचिक होती, गुंडाळी करून सीटखाली मावणारी. आता ती पिवळट हाडासारखी झाली होती. तो म्हणाला, पेट्रोल त्या प्लास्टिकचा नरमपणा ओढून घेते, वरून काही दिसत नाही, एक दिवस धक्का बसतो आणि चीर जाते. आणि पंप तर चावी चालू आहे तोवर ढकलतच राहतो. मग थोडं हसून म्हणाला, “नशीबवान आहात, मॅडम.” त्याने पेट्रोलची काळी नळी घातली. मी जुन्या नळीचे तुकडे तिथेच ठेवून निघाले.

अकोल्याहून अमरावतीला जाताना मूर्तिजापूर वाटेतच लागतं. तुम्हाला माहीत असेलच.

मी थांबले नाही.

गाडीत पाठीमागे कार्यकर्ते घोषणा पाठ करत होते. फोन डॅशबोर्डवर होता. आपाचा नंबर पाठ होता. एका वाक्याचं काम होतं — आपा, ती नळी काढून टाक, आजच. गावाचा फाटा आला, मी गिअर बदलला, फाटा मागे गेला. पुढे मी कित्येक महिने स्वतःला सांगत राहिले की मोर्च्याच्या गडबडीत विसरले. विसरणं हा गुन्हा नाही ना, म्हणून तो शब्द बरा वाटायचा. मी विसरले नव्हते. फाटा जवळ येताना माझा हात स्टिअरिंगवर घामेजला होता, हे मला अजून आठवतं. विसरलेल्या माणसाला घाम फुटतो का?

फोन केला असता तर काय म्हणावं लागलं असतं? की मला सांगितलं होतं आणि मी तुझ्यापासून लपवलं. की मी उस्ताद नाही. बस, एवढंच. एवढ्यासाठी. पोरं बसायची त्या गाडीत, आणि मला माझी एक शाबासकी परत द्यायची नव्हती.

मध्ये एकदा भेटलीसुद्धा. पावसाळ्यात, एका लग्नाच्या मांडवात. हातात बिर्याणीची थाळी घेऊन माझ्याकडे आली, कोपराने ढोसलं आणि म्हणाली, “लोण्यावानी चालून राहिली वं तुझी नळी.” मी हसले. मोठ्याने हसले. माझ्या तोंडात घास होता आणि तेवढं कारण मला पुरलं.

आता पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. हिवाळ्यातली सकाळ, शाळेचं फाटक, आपाची व्हॅन नुकतीच येऊन लागलेली, पोरं अजून आत. रस्त्यातल्या खड्ड्यात शेवटचा दणका बसला असणार. वास आला. मग गाडीखालून पेट्रोलची धार लागली. फाटकाजवळ चहाची गाडी होती, तिच्यावर स्टोव्ह पेटलेला. आपाने पहिल्यांदा चावी बंद केली. मग चहावाल्यावर ओरडली की स्टोव्ह विझव, आणि दार सरकवून एकेका पोराला काखेत धरून बाहेर काढू लागली. पण वासाने आणि ओरडण्याने पोरं घाबरली होती. दोन्ही बाजूंनी उड्या पडल्या. दुसरीतली गौरी खाली पडली, बाकीची पोरं तिच्या हातावरून गेली. हाड मोडलं.

आग लागली नाही. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही. लागली नाही, एवढंच.

मी त्या दिवशी अमरावतीत होते, छापखान्याच्या गल्लीत. देवीदासभाऊंचा फोन आला. देवीदासभाऊ म्हणजे आमच्या संघटनेतले सगळ्यात जुने, मला पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा आवाज तापलेला होता. “बस नाही म्हणून लेकरं अशा गाड्यांत मरतात. आजच पत्रक काढ. आणि ऐक — त्या गाडीत फवारणीची नळी लावली होती म्हणे. हे टाक. लोकायच्या डोक्यात बसते असं.”

भाऊ बरोबर होते. मागणी बरोबर होती. राग बरोबर होता. आणि मी त्यांना तिथेच, त्या क्षणी म्हणू शकत होते — भाऊ, नळी मी लावली. मी म्हणाले, “हो भाऊ, टाकते.”

मला नळीशिवाय ते पत्रक लिहिता आलं नसतं का? आलं असतं. बसवर लिहायचं होतं. एसटी महामंडळावर लिहायचं होतं. पण छापखान्याच्या बाकावर बसले आणि मथळा आपोआप उतरला: ‘पिकावर विष मारायची नळी — तुमच्या लेकरांच्या सीटखाली!’ अहो, काय मथळा होता! लिहिल्यावर मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. हे लपवून काय उपयोग? गौरी दवाखान्यात होती, आपा पोलीस स्टेशनच्या बाकावर होती, आणि मला मथळा जमल्याचं बरं वाटलं.

मग खाली मी लिहिलं होतं, ‘एका चालकाने’. वाचून पाहिलं. सपाट वाटलं. व्हॅनचालक गावात पुष्कळ, लोकांना कळणार कसं? मी पेनाने एक शब्द वर चढवला. ‘एका महिला चालकाने’.

तो हाच शब्द. गावात ती एकच होती. नाव लिहायची गरज उरली नाही. आणि त्या एका शब्दापाठोपाठ गाव आणखी काय काय आपोआप वाचेल — बाई, त्यातून कोणत्या मोहल्ल्यातली — हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणू? मीच ना गावोगाव भाषणं देत फिरायचे की आडनाव पाहून गुन्हेगार ठरवू नका? मला पक्कं ठाऊक होतं. बोट जेवढं घट्ट तिच्याकडे वळेल तेवढं माझ्यापासून लांब राहील, हेही ठाऊक होतं. त्या वेळी मी हे असं शब्दांत मांडलं नाही. पण हाताला माहीत होतं.

मग शाळेत पालकांची सभा झाली. वर्गातले बाक बाजूला करून लोक खाली बसलेले. समोर चार खुर्च्या — हेडमास्तर, शाळा समितीचा एक सदस्य, देवीदासभाऊ आणि मी. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात माझा गुलाबी कागद. आपा भिंतीला टेकून उभी होती, तिला कोणी बसा म्हटलं नव्हतं. गौरीचे वडील उठले. शांत माणूस, बाजारात फुलांचं दुकान. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “मले एकच सांगा. ही नळी कोनं लावली?”

सगळ्यांनी आपाकडे पाहिलं. आपाने माझ्याकडे पाहिलं.

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी निभावून नेलं असतं, मला रागाशी बोलता येतं. राग नव्हता. ती थांबली होती. नुसती थांबली होती, तोंडातली सुपारीसुद्धा हलत नव्हती. मला बोलायला जागा करून देत होती. ती जागा किती मोठी होती ते मी सांगू शकत नाही. मला ती अजून संपलेली वाटत नाही. मी काय केलं? मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. माझाच मथळा पुन्हा वाचला. अक्षरं जरा फिकी छापली आहेत, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

मग आपा म्हणाली, “मीनंच लावली.”

मागून कुणीतरी बोललं, “बाईच्या हाती गाडी देल्ली की असंच होते.” दोनचार जण हसले. याच वाक्यावर मी याआधी पत्रक काढलेलं होतं. अख्खं पत्रक! त्या दिवशी ते वाक्य माझ्या समोरून चालत गेलं आणि मी त्याला अडवलं नाही.

सभा संपल्यावर ती नळाजवळ तोंड धूत होती. मी जवळून जाण्याचं टाळू शकत होते, पण पाय तिकडे गेले. तिने ओढणीने तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी तुले टाइम देल्ला होता वं.” आणि बाहेर निघून गेली. तिथे तिच्या नवऱ्याला कुणीतरी हात धरून उभं केलेलं होतं.

आपाच्या गाडीची पोरं सुटली. एकाच आठवड्यात. व्हॅन भंगारात अकोल्याला गेली. गौरीचा हात जुळला, पण कोपराशी थोडा वाकडा जुळला. आणि हो — बस आली. पत्रकाने गाव पेटलं, मोर्चा मोठा निघाला, आणि महामंडळाने गाडी सुरू केली. पहिल्या फेरीला आम्ही ड्रायव्हर-कंडक्टरला हार घातले. देवीदासभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना म्हणाले, हे हिच्या लेखणीचं काम. आज त्या बसमधून पोरी दहावीपर्यंत जातात. मी त्या बसकडे बघून स्वतःला काही समजावायला जाते आणि वाक्य अर्ध्यात सोडते. बस बस आहे. नळी नळी आहे. एकीने दुसरी भरून निघत नाही, आणि निघते असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याविरुद्धही पत्रक काढीन.

गेल्या महिन्यात हिवरखेडला बैठक होती. आपा आता तिथे असते, भावाच्या केळीच्या दुकानात बसते, हे मला आधीपासून माहीत होतं. बैठक संपवून मी गेले. या खेपेला बोलायचं ठरवून गेले होते, खरंच. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी बाजूला उभी राहिले. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि गिऱ्हाईकाशी घासाघीस चालूच ठेवली. केस पांढरे झालेत. आवाज तोच. गिऱ्हाईक गेलं. दुकानात आम्ही दोघीच. मी फणीवरची केळी उगाच चाचपत राहिले.

“बोल ना,” ती म्हणाली.

मी एक फणी उचलली, परत ठेवली. बाहेर एक टेम्पो मागे घेत होते, त्याचा आवाज चालला होता.

मग ती हसली. जुनं हसणं नव्हतं ते. “काहून? का याचंबी पत्रकच काढशीन?”

मी एक डझन केळी घेतली आणि निघून आले.

तिचं म्हणणं खरं ठरलं. तोंडाने सांगायचं ते मी पुन्हा कागदावरच मांडते आहे, लांब बसून, तिच्या नजरेच्या बाहेर. याला धाडस म्हणू नका. हे वाचून माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवा, किंवा काहीच ठरवू नका, मला त्यातलं काही नको आहे. गौरीच्या वडिलांनी भर सभेत एक साधा प्रश्न विचारला होता, आणि त्याला दिलं गेलेलं उत्तर खोटं होतं.

नळी मी लावली होती.